दोरवालीची गाठ

पेटी कुठे टांगायची यावरून त्या घरात आठवडाभर धुसफूस चालली होती. पेटी पत्र्याची होती, पांढरी, झाकणावर तांबडी फुली असलेली. आत पट्ट्या, कापूस, जखम धुण्याच्या औषधाची बाटली आणि एक कात्री. मुकादमाने ती आणून पायरीवर ठेवली आणि बजावले, की यापुढे जो झाडावर चढेल त्याने हे सामान अंगावर घेऊनच चढायचे. पलीकडच्या टोळीतला एक माणूस मांडीवर करवत बसून झाडावरच गेला होता. पट्ट्या त्या टोळीकडेही होत्या. पण त्या खाली गाडीत होत्या आणि जखम वर होती. या दोहोंची गाठ पडेपर्यंत माणूस संपला.

"अंगावर म्हणजे कुठे?" थोरल्याने विचारले. "डोक्यावर घेऊ? टोपलीसारखी?"

"ते तुझं तू बघ. मला वरून विचारतात."

"वरून विचारतात म्हणे! वर आम्ही असतो."

थोरला हा त्या घरातला चढणारा. त्याचा धाकटा भाऊ फांद्या ओढी, गाडी भरी, रस्त्यावरची वाहने अडवी आणि सोपे झाड असले तर चढेही. दोर धरण्याचे काम थोरल्याच्या बायकोकडे होते, म्हणून सगळ्या टोळ्यांत तिला दोरवाली म्हणत. पूर्वी ते काम सासऱ्यांचे. त्यांचा खांदा गेला तेव्हा त्यांनी सुनेला अंगणात उभे करून, बादलीत दगड भरून, दोर कसा सोडायचा आणि कसा आवळायचा ते शिकवले होते. मुलांपेक्षा सून लवकर शिकली, हे ते मुलांदेखत सांगत, आणि मुले ऐकू न आल्यासारखे करीत.

रस्त्याच्या कडेची जुनी निलगिरी वाऱ्याचे दिवस सुरू होण्याआधी उतरवून घ्यायची होती. निलगिरीचे वागणे असे, की फांदी आतून केव्हा पोकळ झाली हे ती बाहेर कळू देत नाही. काम वेळेत झाले नाही तर झाडांची पुढची रांग, माणसाला वर उचलणारा पाळणा लावलेल्या गाडीकडे जाईल, असे मुकादमाने दोनदा सुचवले होते. त्यामुळे थोरला घाईत होता. तसा तो नेहमीच घाईत असे. जमिनीवर त्याचे पाय कधी स्वस्थ नसत. जेवताना गुडघा हलवी, चहा उभ्याने पिई. झाडावर चढला की मात्र त्याचे सगळे अंग निवांत होई. त्याचा राग, त्याचा विनोद आणि त्याचे शहाणपण ही तिन्ही उंचीवरची होती.

पेटीचा निकाल त्याने पहिल्या दिवशी असा लावला, की ती सगळ्यांत खालच्या फांदीला टांगली आणि आपण शेंड्याकडे गेला.

"हे काय?" मुकादम म्हणाला.

"जमीन सुटली की उंची सुरू झाली. हिशोब चुकला का काही?"

धाकटा तोंड फिरवून हसला. मुकादम हसला नाही. तो नुसता पलीकडच्या टोळीच्या झाडांकडे बघत राहिला, आणि ते बघणे दोरवालीला लागले. तिने दुसऱ्या दिवशी ताडपत्रीच्या तुकड्याची पिशवी शिवली, कमरपट्ट्याला लटकावी आणि उजव्या मांडीवर बांधावी अशी. पेटीतले सामान तिने तीत रिकामे केले.

एवढ्यावर प्रश्न मिटला असता. परंतु पहिल्याच चढाईत वाकताना पिशवीचे तोंड उघडले आणि कात्री निसटली. ती दोरवालीच्या पावलापासून वीतभर अंतरावर मातीत टोकाने रुतून उभी राहिली. थोरल्याने "आलं!" अशी हाक दिली होती. त्यांच्या कामात फांदी, करवत, टोपी, जे काही वरून सुटेल त्याची ही हाक. पण ती कात्रीच्या मागोमाग खाली पोहोचली.

"हे तुझं औषध!" संध्याकाळी थोरला म्हणाला. "वरच्याला वाचवायला नेलं आणि खालच्याचा पाय शिवायची वेळ."

"तोंड नीट बांधलं नव्हतं," ती म्हणाली. "उद्या मी बांधते."

दुसऱ्या दिवशी सकाळी, झाडाखाली, गुडघ्यावर बसून तिने पिशवीचे तोंड नाडीने आवळले आणि त्यावर घरची गाठ मारली. घरची गाठ म्हणजे सासऱ्यांनी शिकवलेली: दोन वेढे, शेपटी खालून आत, आणि एक हिसका. ओझे जितके ओढेल तितकी ती घट्ट होते. सोडताना एका हाताने फास धरायचा आणि दुसऱ्याने शेपटीचे सुटे टोक उलटे काढायचे. तिने ती गाठ इतक्यांदा मारली होती, की बोटांना ती मारताना तिचा विचार करावा लागत नसे. आणि विचार करावा लागला नाही, हीच त्या सकाळची चूक.

"आता ही सुटायची नाही," थोरला मांडीकडे बघून म्हणाला.

"सुटू नये म्हणूनच मारली."

वारा त्या दिवशी सकाळपासूनच होता. मोठा नव्हता, पण एका बाजूने येणारा नव्हता. कधी रस्त्याकडून, कधी शेताकडून, कधी दोन्हीकडून एकदम. पाने उलटी होऊन पांढरी दिसत, सालीचे लांब पापुद्रे बुंध्यावर आपटत. धाकटा वाहने थांबवायला वळणापाशी गेला होता. दोर थोरल्याच्या कमरपट्ट्यापासून निघून त्याच्या डोक्यावरच्या बेचक्यातून खाली येत होता, बुंध्याला दोन वेढे घेत होता आणि मग दोरवालीच्या हातात. वेढे निम्मे ओझे खात. उरलेले तिच्या पाठीवर आणि टाचांवर असे. मान वर करून ती फार वेळ बघत नसे. तिला दोरातून कळे. करवत चालू असली की दोरात एक बारीक कंप असतो, मांजराच्या पोटात असतो तसा.

"उतरा आता," ती ओरडली. "वारा चांगला नाही."

"एवढी एक फांदी!"

"मागच्या फांदीलाही हेच म्हणालात!"

"ती ती होती, ही ही आहे. ढील दे."

तिने ढील दिली. कंप सुरू झाला, चालला, आणि मध्येच तुटला. वर काहीतरी कडाडले. अर्धी कापलेली फांदी वाऱ्याने पिळवटली होती. मग करवत खाली आली. ती पानांतून आपटत, गिरक्या घेत आली आणि मुळाशी पडली. पण हाक आली नाही. इतक्या वर्षांत त्याच्या हातून एकही वस्तू हाकेशिवाय सुटली नव्हती.

"अहो!"

"ताण धर," तो वरून म्हणाला. आवाज त्याचाच होता, पण त्यात घाई नव्हती, आणि घाई नसणे हेच भलते होते.

तिने दोर आवळला. तिच्या मनगटावर तांबडा थेंब पडला, मग आणखी एक. निलगिरीला कापले की तांबडा डिंक येतो. या कामातली माणसे दिवसभर तो अंगावर घेऊन फिरतात आणि घरी जाऊन खरवडतात. तिने सवयीने मनगट पदराला पुसले. डिंक चिकटतो. हे पुसले गेले.

"काय झालं?"

"काही नाही."

"मग हे खाली काय येतंय?"

"डिंक असेल."

"डिंक गरम असतो का?"

मग तो म्हणाला, "डावा हात. करवत बसली. बरीच बसली."

दोर सोडून तिला हलता येत नव्हते. दोर बुंध्याला बांधून टाकता आला असता. पण बांधलेला दोर माणसाला खाली उतरवत नाही, आणि वरच्याला भोवळ आली तर तो तिथेच लटकला असता, त्या दुसऱ्या टोळीतल्या माणसासारखा. तिने वळणाकडे तोंड करून धाकट्याला हाक मारली. वाऱ्याने ती हाक शेतात नेऊन टाकली.

"आधी उतरवते तुम्हाला."

"नको. फांदी दोरावर लोळलीय. मला सावकाश फिरून यावं लागेल, आणि तोवर..." तो थांबला. "फार वाहतंय गं."

"मग पिशवी उघडा! पट्टी दाबून बांधा आधी."

पुढचे तिने नुसते ऐकले. कापडाची खसखस, एक शिवी, पुन्हा खसखस.

"सुटत नाही."

"फास धरा आणि शेपटी—"

"कशाने धरू? दोन्ही हात धड असते तर पट्टी हवी होती कशाला?"

दोर तसूभर सरकला, तिने तो पुन्हा पकडला. स्वतःच्या हाताने मारलेली गाठ तिला डोळ्यांपुढे दिसत होती: दोन वेढे, शेपटी खालून आत, एक हिसका. ती अगदी नीट मारली होती. तीत कुठे दोष नव्हता.

"दातांनी धरा."

"मांडीवर आहे ती! तोंड कसं नेऊ?"

ती वर बघू लागली. मान दुखेपर्यंत, डोळ्यांत भुसा जाईपर्यंत बघितले. त्याच्या उजव्या अंगाला, गुडघ्याच्या किंचित खाली, मघाशी कापलेल्या फांदीचा खुंट होता.

"अहो, ऐका. उजव्या बाजूला खुंट आहे. दिसतो?"

"हो."

"त्यात फास अडकवायचा. खुंट धरेल, तुम्ही शेपटी ओढा."

"तो खाली आहे."

"मग मी तुम्हाला खाली घेते. कापलेला हात छातीशी दाबा. दुसऱ्याने गाठ धरून ठेवा. ढील देते."

तिने बोटभर दोर सोडला. बादलीत दगड भरून सासऱ्यांनी हेच करून घेतले होते, की बादली टेकली पाहिजे पण दगडाचा आवाज होता कामा नये. वाऱ्याने झाड हलले, तिच्या हाताखाली दोर ताणला आणि सैल झाला. ती थांबली. झाड सरळ झाले तशी पुन्हा बोटभर.

"अजून," तो म्हणाला. "अजून. बस! थोडं जास्त झालं. वर घे."

तिने टाच मुळात रोवली आणि अख्खे अंग मागे टाकले. तळव्याची कातडी दोराबरोबर गेली, हे तिला नंतर कळले.

"अडकला," तो म्हणाला. आवाज झोपेतून आल्यासारखा होता. "ओढतो. येत नाही."

"वर ओढताय. वर नाही, खाली. आली तशी परत घाला तिला."

"कुठून आली मला काय माहीत? तू मारलीस."

"खालून आली! म्हणून खाली! झोपताय काय? ओढा!" आयुष्यात पहिल्यांदाच ती त्याच्यावर अशी ओरडली होती.

एक क्षण गेला. मग वरून खणखणीत हाक आली. "आलं!"

पिशवी एकदम उघडली होती. कापूस वाऱ्यावर उधळून रस्त्यापार गेला. बाटली तिच्या खांद्याजवळून गेली आणि मुळावर फुटली. औषधाचा कडू वास सुटला.

"पट्टी? पट्टी राहिली का?"

वरून फक्त कापडाची खसखस आली.

"पट्टी राहिली का हो?"

"तोंडात आहे," तो दातांतून म्हणाला.

पट्टीचे एक टोक दातांत धरून, हात बुंध्यावर टेकून, त्याने ती गुंडाळली. ती खालून सांगत राहिली: आवळा, अजून आवळा, दुखेल तितकी आवळा. दोरातून तिला त्याचा प्रत्येक हिसका कळत होता. मग तो फांदीला वळसा घालून बाहेर आला आणि म्हणाला, "घे खाली." तिने त्याला बादलीसारखा खाली घेतला. धाकटा कापूस बघून धावत आला होता; रस्त्यावर कापूस उडताना दिसला म्हणजे काय झाले असेल हे त्याला कुणी सांगावे लागले नाही. भावाला त्याने अलगद धरले आणि गाडीत घातले. दोरवालीच्या मुठी दोरावरून त्यालाच एकेक बोट करून सोडवाव्या लागल्या.

डॉक्टरांनी हात शिवला. हात राहिला; परंतु करंगळी आणि तिच्या शेजारचे बोट आता मिटणार नाहीत, असे त्यांनी सांगितले. आतली शीर की काय, ती तुटली होती. वाऱ्याचे दिवस सुरू झाले आणि काम आपोआप थांबले.

थोरला घरात राहिला. घरात राहणे त्याला येत नव्हते. तो या खोलीतून त्या खोलीत जाई, दारात उभा राही, पुन्हा आत येई. बघायला माणसे येत. येणाऱ्याला तो बसवी आणि गोष्ट सांगे.

"पट्टी होती की! कमरेला होती. पण आमच्या बायकोनं तिला कुलूप घालून दिलं होतं. म्हटलं, किल्ली तरी दे!"

माणसे हसत. दोरवाली चहा घेऊन बाहेर येई तेव्हा हसणे अर्धे गिळलेले असे. तळव्यांना फडकी गुंडाळलेली असल्यामुळे तिला कप मनगटांत धरावे लागत. ही गोष्ट जितक्यांदा सांगितली गेली तितकी ती रंगत गेली. गाठ मोठी होत गेली, आणि खुंट मात्र त्या गोष्टीत एकदाही आला नाही. खाली कुणी होते की नव्हते, हेही ऐकणाऱ्याला कळले नसते.

"खुंटाचंही सांग की," एकदा धाकटा म्हणाला.

"कसला खुंट?"

"तुला माहीत आहे कसला."

"तू तिथं होतास?"

"मी नव्हतो. वहिनी होती."

सासरे कोपऱ्यातून म्हणाले, "गाठ मी शिकवली. नावं ठेवायची तर मला ठेव. माझा खांदा काही आता आणखी जायचा नाही."

दोरवालीने कुणाचीच बाजू घेतली नाही, स्वतःचीही नाही. नवऱ्याचे म्हणणे क्रूर होते, पण खोटे नव्हते. आणि खोटे नसलेल्या गोष्टीशी भांडायचे कसे, हे तिला कुणी शिकवले नव्हते. रात्रंदिवस ती गाठ तिच्या बोटांत वळवळे. भाजीची जुडी बांधताना, केस बांधताना, बोटे दोन वेढे घेत आणि ती दचकून थांबे.

तळवे भरून आले तेव्हा तिने नवी पिशवी शिवली. तोंडाला नाडी लावली नाही; सायकलच्या जुन्या ट्यूबचा पट्टा लावला, आणि पट्ट्याला बाहेर लोंबणारी एक जीभ. आत प्रत्येक वस्तू वेगळ्या दोरीने पिशवीलाच बांधलेली. मग डावा हात पाठीशी धरून ती पिशवी उघडून बघू लागली. नंतर उजवा पाठीशी. नंतर डोळे मिटून. सासरे बघत होते.

"ही काय तऱ्हा? फुंकर मारली तर सुटेल."

"सुटू दे, मामंजी."

"आणि सामान पडलं म्हणजे?"

"लोंबेल. पडणार नाही."

त्यांनी पिशवी हातात घेतली, आपल्या चालत्या हाताने जीभ ओढली, उघडली, मिटली, पुन्हा उघडली. "हं," एवढेच म्हणाले. दारात उभ्या असलेल्या थोरल्याने ते पाहिले आणि तो बाहेर चालता झाला.

वारे पडले. उरलेली झाडे याच टोळीने उतरवायची, असा मुकादमाचा निरोप आला. आता चढणारा धाकटा होता. निघताना थोरला म्हणाला, "दोरावर मी राहीन."

"हात?" धाकट्याने विचारले.

"तीन बोटं आहेत. दोराला तीन पुरतात."

"दादा, मी वहिनीच्या—"

"दोरावर मी राहीन म्हटलं ना. तिनं फांद्या ओढाव्यात."

धाकट्याने वहिनीकडे पाहिले. तिने नुसती मान हलवली, आणि त्या हलण्याचा अर्थ हो होता की नाही, हे तिला तरी ठाऊक होते की कोण जाणे.

झाडाखाली तिने दिराच्या मांडीला नवी पिशवी बांधली. दिराने जीभ एकदा ओढून पाहिली आणि चढायला लागला. ती फांद्यांच्या ढिगाकडे गेली. थोरल्याने बुंध्याला वेढे दिले, टाचा रोवल्या, दोर ओढून पाहिला. दोर आला, पण मिटत नसलेल्या त्या दोन बोटांखालून, साप निसटावा तसा, तो थोडा मागे गेला. त्याने पकड बदलली. पुन्हा ओढला. पुन्हा तेवढाच गेला.

ती पाहत होती. हातात फांदी होती आणि ती खाली ठेवण्याचे तिला सुचत नव्हते. सांगायला जावे तर नवऱ्याला चारचौघांत पाडल्यासारखे, आणि न सांगावे तर वर दीर होता. तिचे पाय निघाले आणि थांबले.

धाकटा बेचक्यापाशी पोहोचला. आता त्याला हात सोडून मागे दोरावर रेलायचे होते. तो रेलला नाही. पानांतून त्याचे तोंड दिसत नव्हते.

"दोरावर कोण आहे?" त्याने विचारले.

कोण आहे हे त्याला दिसत होते. थोरल्याने वर पाहिले, मग आपल्या हाताकडे. दोन बोटे दोरापासून दूर, ताठ उभी होती. त्याचा गुडघा हलू लागला.

"दादा, दोरावर कोण आहे?"

"ती आहे!" थोरला ओरडला.

ती अजून नव्हती. फांदी टाकून ती आली. त्याने दोर तिच्या हातात दिला, आणि द्यायला लागला तितका वेळ दोघांचे हात दोरावर होते. मग त्याने सोडला. सोडल्यावर कुठे जायचे हे त्याला कळेना. तो तिच्या शेजारीच, पाय बदलत, उभा राहिला.

"बाजूला व्हा," ती म्हणाली. "इथं फांद्या पडतील."

तो बाजूला झाला. तिने अंग मागे टाकून ताण घेतला, आणि वर धाकट्याने दोन्ही हात सोडले.